आधी कोणतं दार बंद होतं ते पाहा: बडोद्यात बारावीनंतर कॉलेज आणि शाखा निवडताना

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजारपासून वाडीपर्यंत कितीतरी मराठी घरांत एकच वाद रंगतो. मुलीला फाइन आर्ट्सला जायचं असतं. बाबा म्हणतात, "आधी इंजिनिअर हो, चित्रं काय रविवारीही काढता येतात." आजी मध्ये पडते आणि बँकेच्या परीक्षेचा विषय काढते. प्रत्येकाची काळजी खरी असते, पण वाद नुसत्या नावांवर चालतो: चित्रकार, इंजिनिअर, बँक ऑफिसर. कोणत्या कॉलेजची सीट, किती वर्षं, किती खर्च आणि पहिली नोकरी कुठे, हे त्या नावांतून कळत नाही. हे चार तपशील कागदावर आले की अर्धा वाद तिथेच मिटतो.

बडोद्यात हा प्रश्न जुना आहे. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन सुरू केलं. तिथे रंगाईकाम, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकला एकाच आवारात शिकवली जायची. दादासाहेब फाळके तिथेच चित्रकला शिकले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी याच कलाभवनातून वाढली. १८८६ च्या गायनशाळेतून सूरसागरजवळची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी उभी राहिली, आणि १९५० मध्ये फाइन आर्ट्स सुरू झाली. त्यामुळे स्वप्नाची सीट आणि व्यवहाराची सीट यांत इथे बहुतेकदा सायकलवरचं अंतर असतं. ही सोय फार थोड्या गावांत मिळते, आणि ती नीट वापरली जात नाही याची हळहळ वाटते.

शाखा निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: यातलं कोणतं दार आज बंद केलं तर पुन्हा उघडणार नाही?

अकरावीला बी ग्रुप घेतला, म्हणजे गणित सोडून जीवशास्त्र घेतलं, तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर या दोन्ही वाटा जवळजवळ बंद होतात. ए ग्रुप घेतला, म्हणजे जीवशास्त्र सोडून गणित घेतलं, तर मेडिकलच्या 'नीट' प्रवेश परीक्षेसाठी जीवशास्त्र नंतर जादा विषय म्हणून वेगळं पास व्हावं लागतं, म्हणजे डॉक्टरकीची वाट लांबते. एबी ग्रुपमध्ये गणित आणि जीवशास्त्र दोन्ही असतात, त्यामुळे दोन्ही दारं उघडी राहतात, पण अभ्यासाचं ओझंही दुप्पट होतं. दोन्ही परीक्षा खरोखर द्यायच्या असतील तरच तो घ्यावा, नुसत्या भीतीपोटी घेऊ नये. कॉमर्समध्ये गणिताऐवजी सोपा विषय घेणाऱ्यांना पुढे संख्याशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या बऱ्याच चांगल्या अभ्यासक्रमांत अडचण येते. मार्क वाढवायला गणित सोडलं जातं, आणि दोन वर्षांनी तेच आडवं येतं.

आता उलटी बाजू. काही दारं वर्षानुवर्षं उघडी असतात. कायदा तीन वर्षांच्या एलएलबीने कोणत्याही पदवीनंतर करता येतो. यूपीएससीला कोणतीही पदवी चालते. एमबीएचंही तसंच. आयआयटीतल्या एमडेससाठीची (डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठीची) सीड परीक्षा किमान तीन वर्षांच्या कोणत्याही पदवीनंतर देता येते, म्हणजे मेकॅनिकलचा मुलगा पुढे डिझाइनकडे वळू शकतो. सीएला बारावीनंतर फाउंडेशन देऊन जाता येतं, आणि पदवीनंतर ठरावीक टक्केवारी असेल तर फाउंडेशनशिवाय थेट इंटरमिजिएटलाही बसता येतं.

आणि काही दारं कोणत्याही नियमाशिवाय बंद होतात. गळा, तबल्याचा हात, भरतनाट्यमचं शरीर, रेखाटनाची नजर यांना सतरा ते बावीस या वयातले रोजचे तास लागतात. ते तास गेले की तिशीत परत येत नाहीत. इंजिनिअरिंग नंतर करता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. गाण्याचंही तेच आहे, हे मात्र वादात सहसा कोणी म्हणत नाही. दोन्ही बाजू त्याच कागदावर लिहा.

एका वाटेकडे उगीच दुर्लक्ष होतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश. म्हणजे तीन अधिक तीन, सहा वर्षं. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची बीई, तीही सहाच. हातकामात रमणाऱ्या पण बारावीच्या परीक्षेत गळणाऱ्या मुलाला हा रस्ता जास्त मानवतो, आणि मधेच थांबावं लागलं तरी हातात नोकरीलायक डिप्लोमा राहतो.

स्वप्नाची परीक्षा

आवड खरी आहे का, हे बोलून कळत नाही. कामाचा रटाळ भाग महिनाभर करून बघावा लागतो. फाइन आर्ट्सला जायचं असेल तर तीस दिवस रोज वीस स्केचेस प्रत्यक्ष बघून काढा: सयाजीबागेत बसलेली माणसं, मंगळ बाजारातली गर्दी, घरातली चप्पल. मोबाइलवरचे फोटो बघून काढलेली यात धरू नका, कारण विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला प्रवेश देताना हाताची परीक्षा घेतात, आणि फोटो गिरवलेला हात तिथे लगेच ओळखू येतो. सहाशे स्केचेस झाली की शेवटची पन्नास आणि पहिली पन्नास शेजारी ठेवून बघा. फरक दिसतो का, आणि अजून काढावंसं वाटतं का? वकिली हवी असेल तर एक निकालपत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं एका पानात लिहून काढा. कोडिंग हवं असेल तर व्हिडिओ न बघता रोज एक गणित स्वतः सोडवा. सीए हवं असेल तर ओळखीच्या दुकानदाराची महिन्याची बिलं घेऊन खतावणी जुळवा.

ज्या मुलाला फक्त शेवटचं चित्र आवडतं, म्हणजे प्रदर्शन, टाळ्या, काळा कोट, तो साधारण दुसऱ्या आठवड्यात थांबतो. थांबला म्हणून त्याला रागावू नका. चार वर्षांऐवजी चौदा दिवसांत कळलं.

मग त्या क्षेत्रात पाच-सात वर्षं काढलेल्या माणसाला भेटा. फार नावाजलेला नको, कारण त्याचा रस्ता सगळ्यांना मिळत नाही. "गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलंत?" हा पहिला प्रश्न. पहिले तीन पगार किंवा पहिली तीन मानधनं किती होती, हा दुसरा. "तुमच्या वर्गातले किती जण अजून याच कामात आहेत, आणि बाकीचे काय करतात?" हा तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा. पेंटिंग शिकलेल्यांतले काही शिकवतात, काही चित्रकथा किंवा जाहिरातीत जातात, काही संग्रहालयात. हे आधी माहीत असेल तर पहिल्या वर्षापासूनच तयारी करता येते. कॉलेजात शिकवायचं असेल तर साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि नेट ही पात्रता परीक्षा लागते, म्हणजे बीव्हीएची (फाइन आर्ट्सच्या पदवीची) चार वर्षं धरून किमान सहा-सात वर्षांचा हिशेब.

फाइन आर्ट्स म्हणजे एकच गोष्ट, असंही समजू नका. पेंटिंग, शिल्प, ग्राफिक आर्ट्स, अप्लाइड आर्ट्स आणि कलेचा इतिहास यांच्या नोकरीच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. जाहिरात, पॅकेजिंग आणि स्क्रीन डिझाइनमुळे पगाराच्या नोकरीला सर्वांत जवळची शाखा अप्लाइड आर्ट्स. म्युझिओलॉजीचा विभाग इथे १९५२ पासून आहे, आणि इतिहासाची ओढ असलेल्या कितीतरी मुलांना त्याचं नावही माहीत नसतं.

"व्यवहारी" शाखेचीही तेवढीच परीक्षा घ्या

स्वप्नाला पुरावा मागायचा आणि इंजिनिअरिंगला मात्र न विचारता पास करायचं, हा अन्याय आहे. कोणत्याही कॉलेजातली कोणतीही शाखा व्यवहारी नसते. व्यवहारी असते ती ठरावीक कॉलेजातली ठरावीक शाखा, आणि तीही ठरावीक फीला.

प्लेसमेंटच्या पत्रकावर सर्वांत मोठं पॅकेज ठळक छापलेलं असतं. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. तुम्ही विचारा मधला पगार, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मध्यभागी येतो तो. मग विचारा टक्केवारी कशाची आहे. समजा वर्गात ६० मुलं आहेत, ३२ जण मुलाखतींना बसली आणि २४ निवडली गेली. कॉलेज ७५ टक्के म्हणेल, कारण ते बसलेल्यांतून मोजतं. वर्गातून मोजलं तर ४० टक्केच होतात. ज्या संस्था एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठांच्या क्रमवारीत भाग घेतात, त्यांना किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मधला पगार किती, हे लिहून द्यावं लागतं. ती माहिती एनआयआरएफच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडून बघता येते. कॉलेजच्या जाहिरातीशी ती ताडून बघायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

पॅकेज म्हणजे हातातला पगार नाही, हेही समजून घ्या. वर्षाला ३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिन्याला ३० हजार. त्यातून कंपनीचा आणि तुमचा असा दोन्ही पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि गुजरातचा २०० रुपये व्यवसाय कर गेला की हातात साधारण २५ हजार येतात.

बडोद्याच्या आसपास कोणतं काम आहे याकडेही डोळे उघडे ठेवून बघा. कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी आणि नंदेसरीचे कारखाने म्हणजे केमिकल. मकरपुरा आणि मांजलपूरच्या बाजूला इलेक्ट्रिकल आणि यंत्रांचे छोटे-मोठे कारखाने आहेत. सावलीला मेट्रोचे डबे बनतात, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बडोद्यात सी-२९५ या लष्करी वाहतुकीच्या विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. लालबागेतलं गतिशक्ती विद्यापीठ २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं. तिथे रेल्वे आणि वाहतुकीशी जोडलेले बीटेक आहेत आणि प्रवेश जेईई मेनवर होतो. घरात राहून इंटर्नशिप मिळण्याच्या दृष्टीने केमिकल, इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इथे अजून पाय रोवून आहेत. सगळे कम्प्युटरला पळतात म्हणून पळणाऱ्याने आधी स्वतःच्या गावाचं हे वजन तपासून बघावं.

पैशाचा हिशेब

एकाच विद्यापीठात एकाच अभ्यासक्रमाच्या ग्रँटेड (सरकारी अनुदानाच्या) सीटची आणि हायर पेमेंट (जास्त फीच्या) सीटची फी खूप वेगळी असते. शेजारच्याने सांगितलेली फी कोणत्या सीटची होती हे विचारल्याशिवाय आकडा लिहू नका.

घर सोडलं की फीइतकाच खर्च राहण्या-जेवण्याचा होतो. महिन्याला १२ हजार धरले आणि वर्षातले ११ महिने, तर चार वर्षांचे ५ लाख २८ हजार. त्याच दर्जाचं कॉलेज बडोद्यात मिळत असेल तर बाहेरच्या कॉलेजने या पाच लाखांच्या बदल्यात काय दिलं पाहिजे, हे स्पष्ट शब्दांत लिहा. "एक्स्पोजर" असं लिहून चालणार नाही.

कर्ज घेणार असाल तर हप्ता आजच काढा. दरवर्षी अडीच लाख, असं चार वर्षांत १० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी घेतलं, तर अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे सहा महिने मिळून साधं व्याजच सुमारे ३ लाख चढतं. मग १३ लाख दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला साधारण १७ हजार २०० येतो. हातात २५ हजार पगार येणाऱ्या मुलाला हा हप्ता झेपत नाही. हप्ता पहिल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असेल तर ते कॉलेज तुमच्यासाठी महाग आहे, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

गुजरात सरकारची एमवायएसवाय, म्हणजे मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना बऱ्याच मराठी घरांत माहीत नसते. बारावीला ८० पर्सेंटाइल किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर इंजिनिअरिंगसाठी ट्यूशन फीच्या निम्मे किंवा ५० हजार, यांतली कमी असेल ती रक्कम दरवर्षी मिळते. मेडिकलसाठी ही मर्यादा २ लाख आहे, बीए-बीकॉम-बीएससीसाठी १० हजार. अर्ज पहिल्याच वर्षी वेळेत करायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. नूतनीकरण विसरणं, हीच सर्वांत नेहमीची चूक.

पुण्याला पाठवायचं का

मराठी घरांत हा प्रश्न निघतोच. काका कोथरूडला राहतात, भाषा आपली, मग मुलगा तिथे आपोआप "महाराष्ट्राचा" होईल असं वाटतं. तसं होत नाही. महाराष्ट्राच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षाच्या प्रवेशात राज्याच्या जागा मुख्यतः दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेल्यांना, किंवा स्वतःचं वा आई-वडिलांपैकी कोणाचं तिथलं डोमिसाइल असलेल्यांना मिळतात. मातृभाषेचा त्यात प्रश्नच येत नाही. बडोद्यात शिकलेला मुलगा इंजिनिअरिंगसाठी अखिल भारतीय जागांत येतो. त्या मोजक्या असतात आणि तिथे जेईई मेनचे मार्क लागतात. म्हणून पुणे मनात असेल तर फक्त गुजसेटवर (गुजरातच्या प्रवेश परीक्षेवर) विसंबू नका, जेईई मेनचा फॉर्म वेळेत भरा. गुजरातचा जातीचा दाखलाही तिथल्या राज्य कोट्यासाठी चालत नाही. मेडिकलला सरकारी कॉलेजांतल्या नीटच्या १५ टक्के अखिल भारतीय जागा सगळ्यांना खुल्या आहेत. बाकी जागांचं तसंच, जिथलं डोमिसाइल आणि शिक्षण तिथला हक्क.

फॉर्म भरताना काय चुकतं

गुजरातमध्ये इंजिनिअरिंगचं मेरिट एसीपीसी ही राज्याची प्रवेश समिती काढते: निम्मा वाटा बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताच्या थिअरीच्या पर्सेंटाइलचा, निम्मा गुजसेटच्या पर्सेंटाइलचा. बोर्डात ९२ आणि गुजसेटमध्ये ८४ असेल तर मेरिट ८८. इंग्रजीचे, कम्प्युटरचे किंवा प्रॅक्टिकलचे मार्क यात येत नाहीत, म्हणून एकूण टक्केवारी बघून अंदाज बांधणारे फसतात. आणि ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के नव्हे. परीक्षेला बसलेल्या शंभरांतले नव्वद जण तुमच्या बरोबरीला किंवा खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांत महाग पडणारी चूक चॉइस भरताना होते. "वरचं कॉलेज मिळणार नाहीच, मग ते पहिलं कशाला भरायचं" असं म्हणून लोक खात्रीचं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकतात. कम्प्युटर असं काम करतो: मेरिटमधल्या पहिल्या मुलापासून तो खाली येतो. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून वाचत जातो, आणि जिथे पहिली जागा शिल्लक दिसते ती देतो. मोठी इच्छा वर लिहिली म्हणून खालची संधी कमी होत नाही. तुम्ही मात्र साधी इच्छा वर लिहिलीत, तर तिच्या खालच्या चांगल्या कॉलेजपर्यंत तो पोहोचतच नाही. म्हणून यादी खऱ्या आवडीच्या क्रमानेच लावा.

किती चॉइस भरायचे? मागच्या वर्षीचे क्लोजिंग रँक, म्हणजे कोणत्या क्रमांकाला जागा संपल्या ते घ्या, आपल्याच कॅटेगरीचे आणि त्याच राउंडचे. आपल्या क्रमांकापेक्षा वर बंद झालेल्या दहा जागा, आसपासच्या दहा, आणि बऱ्याच खाली बंद झालेल्या दहा. शेवटच्या दहांतही नको असलेलं एकही कॉलेज लिहू नका, कारण मिळालं तर तेच मिळेल. मॉक राउंड (सीटवाटपाची रंगीत तालीम) झाला की निकाल बघून यादी पुन्हा लावा. मॉकमध्ये मिळालेली सीट पक्की समजून गप्प बसणारेही असतात.

दाखल्यांचं आधीच बघा. नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएसचा दाखला माहितीपुस्तिकेत दिलेल्या मुदतीतला नसेल तर मुलगा थेट ओपनमध्ये जातो. जूनमध्ये कचेरीत रांग लागते, म्हणून हे काम फेब्रुवारीतच उरका. बीए, बीकॉम, बीएससीसाठी राज्याचं जीकॅस पोर्टल आहे. इंजिनिअरिंगची वाट बघत असलात तरी तिथे नोंदणी करून ठेवा.

दोन्ही हवं असेल तर

एप्रिल २०२२ पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे: एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी मान्यताप्राप्त ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने, किंवा वेळा आड येत नसतील तर दोन्ही कॉलेजात जाऊन. बीपीए (परफॉर्मिंग आर्ट्सची पदवी) तबला आणि ऑनलाइन बीकॉम, किंवा बीकॉम आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदपर्यंतच्या परीक्षा, हे रोज तीन-चार तास जास्त बसू शकणाऱ्याला जमतं. इंजिनिअरिंग आणि रियाजाचं गाणं मात्र एकत्र फारसं टिकत नाही. पहिल्या वर्षाच्या लॅब आणि सबमिशन सुरू झाल्या की सकाळचा रियाज सुटतो. ज्याला गाणं गंभीरपणे करायचं आहे त्याने हलक्या वेळापत्रकाची दुसरी पदवी शोधावी.

ड्रॉप घ्यायचा असेल तर आधी नियम बघा. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांतच, दोनदा देता येते. जेईई मेन सलग तीन वर्षं. ड्रॉपचा निर्णय मागच्या मॉक टेस्ट्सवरून घ्या: शेवटच्या तीन महिन्यांत मार्क चढत होते आणि परीक्षेपर्यंत सिलॅबस पुरा झाला नव्हता, तर एक वर्ष देणं रास्त आहे. सिलॅबस पुरा झाला होता आणि मार्क महिनोन्‌महिने एकाच जागी होते, तर तोच क्लास, तीच पुस्तकं आणि तीच पद्धत घेऊन दुसऱ्या वर्षी वेगळं काही होत नाही.

फी भरली आणि नंतर दुसरीकडे नंबर लागला तर यूजीसीच्या नियमांप्रमाणे प्रवेश रद्द करण्याच्या तारखेनुसार फी परत मिळते. जितका उशीर तितकी कपात जास्त. म्हणून रद्द करायचं ठरलं की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. मूळ मार्कशीट आणि दाखले तपासून लगेच परत द्यायचे असतात, कॉलेजला ते अडकवून ठेवता येत नाहीत. तरीही कोणी मागून ठेवू लागलं तर आधी झेरॉक्सचे चार संच करा, मूळ कागद दिल्याची सहीशिक्क्याची पावती मागा, आणि पावती द्यायला नकार मिळाला तर कागद देऊ नका.